बारदान वजा करून

मन्मथअप्पा हालगे गेवराईच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते आणि मी हमाल. मी पोतं पाठीवरून काट्यावर ठेवायचं, अप्पांनी वजन पुकारायचं, मी पुन्हा उचलून थप्पीला लावायचं. माझं काम ताकदीचं आणि त्यांचं बसल्या जागेचं, असं लोक म्हणत. ते खरं नाही. दिवसभर वाकून दांडीवर नजर ठेवायची, तीही अगदी समोरून, कारण बाजूनं बघितलं की आकडा चुकतो. माझी पाठ गेली, त्यांची मान गेली. मेहनत दोघांनी सारखीच केली.

अप्पा मापात कसे होते ते आधी सांगतो. माल पोत्यासकट तोलला जातो आणि मग रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात. त्या रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात. वजाबाकी ठरलेली असते, सगळ्या पोत्यांना एकच. अप्पांना ते पटत नसे. पावसाळ्यात ताग पाणी पितो, पोतं जड होतं. जुनं विरलेलं पोतं हलकं असतं. अप्पा शंका आली की माल ओतून घ्यायचे आणि रिकामं पोतं वेगळं तोलायचे. पोतं भिजलेलं निघालं तर शेतकरी चिडायचा, विरलेलं निघालं तर आडत्या. मला ओतण्या-भरण्याची दुप्पट मेहनत पडायची. मीही चिडायचो.

विजयसिंह नावाचे एक आडत्ये एकदा म्हणाले, "अप्पा, तुमच्यापायी मोंढा बंद पडंल एक दिवस. पोतं तोलता ते तोलता, आता त्याच्यावरची धूळ बी झटकून तोला."

"आणा की," अप्पा म्हणाले, "झटकतो."

सगळा मोंढा हसला. अप्पा हसले नाहीत. ते पुढचं पोतं मागत होते.

मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. अप्पांचा आवाज बारीक होता, पण सकाळचा पहिला लाभ ते असा म्हणायचे की शेडच्या टोकाला बसलेला माणूस उठून उभा राहायचा.

पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले. जुना दांडीचा काटा विजयसिंहांनी भंगारात घातला नाही, अप्पांना दिला. मी आणि केदारनाथनं तो त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवला. केदारनाथ हा अप्पांचा मुलगा, तो टेम्पो चालवतो. काटा ठेवला तेव्हा अप्पांच्या बायको दानम्मावैनी दारात उभ्या होत्या.

"ह्ये कशाला आनलंय घरात?"

"बसायला."

"बसायला खाट हाय."

"खाट वजन सांगत न्हाई," अप्पा म्हणाले.

त्या काट्यावर नंतर एकच माणूस उभं राहिलं. आरोही, केदारनाथची मुलगी, अप्पांची नात. चार वर्षांची. मी संध्याकाळी त्यांच्याकडं चहाला जायचो तेव्हा ती वाटच बघत असायची, कारण मी तिला उचलून काट्यावर ठेवायचो आणि ठेवताना हमाल करतात तसा हुंकार द्यायचो. तो दिला नाही तर ती उतरून पुन्हा उचलायला लावायची.

"अज्जा, लाभ म्हना."

"लाभ," अप्पा म्हणायचे. मग दांडीवरचं वजन हळूहळू सरकवायचे. तिचा फ्रॉक किती भरतो, पायातले वाळे किती, कमरेचा करदोडा किती, हे त्यांनी आधीच वेगळं तोलून ठेवलं होतं. ते सगळं वजा करून मगच आकडा सांगायचे.

आतून दानम्मावैनी ओरडायच्या. आमच्याकडं लेकराला तोलत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात.

"पुन्हा तोललं का? किती डाव सांगू, दिष्ट लागती म्हनून. पोरगी हाय का तुरीचं पोतं?"

"तुरीचं पोतं एवढं बोलत न्हाई."

"मी पोतं न्हाई," आरोही म्हणायची. "मी आरोही हाय."

अप्पा दर बाजाराच्या दिवशी तोलायचे. वजन वाढत होतं. उन्हाळ्यात मुलं सुकतात, ही भरत होती. अप्पा मोंढ्यात जाऊन विजयसिंहांनाही सांगून आले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तिची आई शिवकन्या मात्र एक दिवस चहा ठेवून तिथंच थांबली.

"अप्पा, ती जेवत न्हाई. दोन घास खाती अन् ताट सारती. मला काय खरं वाटत न्हाई."

"जेवल्याबिगर वजन वाढतंय व्हय?"

"पोट बघा की तिचं. हातपाय काड्या अन् पोट तेवढं."

"बाळसं पोटापासून धरतंय," अप्पा म्हणाले. "काटा खोटं बोलत न्हाई, शिवकन्या."

शिवकन्या आत गेली. सासऱ्यापुढं त्याहून जास्त बोलायची तिची रीत नव्हती. मला त्या दिवशी अप्पांचंच पटलं होतं. पटणारच. त्या काट्याच्या भरवशावर आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली होती.

पोर पुन्हा भरली. शिवकन्येच्या ब्लाउजच्या कापडाचा तुकडा लावून अप्पांनी आरोहीच्या नव्या फ्रॉकचा घेर वाढवायला सांगितला, पोटाला तंग होतो म्हणून.

मग एका सकाळी दानम्मावैनी तिला न्हाऊ घालत होत्या. साबणाचा हात डाव्या कुशीवरून फिरला आणि थांबला. आत काहीतरी घट्ट होतं, नारळाएवढं. वैनींनी पुन्हा हात फिरवला. पोरीला दुखलं नाही, ती पाण्यात खेळत होती. वैनींनी शिवकन्येला हाक मारली, ती हाक मला रस्त्यावर ऐकू आली.

गेवराईच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या. मूत्रपिंडाला गाठ होती. गाठ कसली ते डॉक्टरांनी केदारनाथला बाजूला घेऊन सांगितलं. ऑपरेशन करून गाठ काढायची, मग सलाईनमधून औषधं द्यायची, असं ठरलं. ऑपरेशनला जायच्या दिवशी अप्पा माझ्या घरी आले.

"सिदू, चल. मला एकट्याला तिथलं ऐकून समजायचं न्हाई."

केदारनाथच्या टेम्पोत निघालो. शिवकन्या आणि आरोही पुढं, अप्पा, दानम्मावैनी आणि मी मागं गादी टाकून. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. आरोहीला धाब्यावरची कढई दिसली, तिनं भजी मागितली. आणली तर एक खाल्लं आणि बाकीची मला दिली.

"तू खा. तुला उचलायचं असतंय."

"तुला उचलाया भजी लागत न्हाईत," मी म्हणालो. "तुला एका बोटानं उचलतो."

"खोटं. मी चौदा हाय."



मांजरसुंब्याजवळच कपिलधार आहे. मन्मथस्वामींचं स्थान, आमच्या अप्पांचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलेलं. दानम्मावैनी टेम्पोतून उतरल्या, कपिलधारच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "पोरगी टेबलावरून उठू दे. तिच्या भारोभार गूळ हितं येऊन वाटीन."

"म्हंजे तोलावं लागंल," केदारनाथ म्हणाला. "तूच नको म्हनतीस ना तोलाया."

"द्येवासाठी तोललं तर दिष्ट लागत न्हाई. तू गाडी चालीव."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम वॉर्डात आल्या. विजयमाला मॅडम. गेवराई ऐकल्यावर म्हणाल्या, "माझं माहेर उमापूर." दानम्मावैनींना तेवढ्यानंच बरं वाटलं, त्यांनी खाटेवर सरकून जागा केली. मॅडम बसल्या. आरोहीला त्यांनी जीभ दाखवायला सांगितली, तिनं दाखवली आणि मॅडमना पण दाखवायला लावली.

मग मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. घाई केली नाही.

"भूल दोन तऱ्हेची द्यायची आहे. एक झोपेची. ती ऑपरेशन संपलं की उतरते. दुसरी पाठीतून. ती झोपल्यावर कण्याच्या तळाशी सुई घालून एक बारीक नळी ठेवायची. त्यातून औषध दिलं की पोट बधिर होतं. ती जागी झाली तरी टाक्यांचं दुखणं तिच्यापर्यंत पोचत नाही. त्या नळीतून नंतरही थोडं थोडं देता येतं."

"पाठीला काय व्हनार न्हाई ना?" शिवकन्येनं विचारलं.

"नीट दिलं तर नाही. मी स्वतः देणार आहे. पण ह्या औषधाचं माप फार सांभाळून ठरवावं लागतं. मोठ्या माणसात थोडं मागंपुढं खपतं. लेकरात जागाच नसते. जास्त झालं तर रक्तात चढतं, झटके येतात, काळीज थांबू शकतं. कमी झालं तर एवढं पोट उघडल्याचं दुखणं तिला जसंच्या तसं सोसावं लागतं. म्हणून किलोवर हिशेब करायचा."

सिस्टरनं काटा आणला. मी आरोहीला उचलून ठेवलं. हुंकार दिला नाही, दवाखाना होता. तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणून मग हळूच दिला.

"चौदा," सिस्टर म्हणाली.

"चौदाच," अप्पा म्हणाले. "मागल्या बाजारी बी तेवढंच हुतं. फ्रॉक वजा करून."

मॅडमनी सोनोग्राफीचे आणि दुसऱ्या मोठ्या मशीनचे फोटो पुन्हा उजेडाकडं धरून बघितले. आरोहीच्या पोटावर हात ठेवून गाठीची कड कुठून कुठं आहे ते बोटांनी मोजलं. तिच्या दंडाला धरून बघितलं. मग बरोबरच्या डॉक्टरला म्हणाल्या, "साडेअकरा धरा. त्यावर माप काढा."

अप्पा पुढं झाले. मोंढ्यात कुणी आकडा फिरवला की ते जसे उठायचे, तसे.

"बाई, काटा चौदा दावतोय."

"काटा बरोबर आहे."

"मग?"

"काट्यावर पोरगी एकटी नाही, आजोबा."



मॅडम म्हणाल्या, "गाठ अडीच किलोच्या आसपास असावी. गाठीला भुलीची गरज नाही. चौदाच्या हिशेबानं औषध दिलं तर ते सगळं साडेअकरा किलोच्या पोरीला झेलावं लागेल. ते तिला जड जाईल."

अप्पांनी काट्याकडं बघितलं. आरोही अजून त्यावरच उभी होती.

"बारदान," ते म्हणाले.

"काय?"

मी मॅडमना सांगितलं, बारदान म्हणजे काय ते. त्यांनी ऐकून घेतलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच."

दानम्मावैनींनी मॅडमचा हात धरला. "बाई, माहेरच्या मानसावानी सांगते. जरा ढळतं घाला. लेकराला दुखाया नको."

"आजी, ह्यात ढळतं माप नसतं. वरून घातलेलं तिच्या भल्याचं होत नाही. जेवढी ती आहे, तेवढंच."

"गप," अप्पा वैनींना म्हणाले. "बाई बरोबर हायत."

ते बाहेर गेले. मी मागून गेलो. ते पायऱ्यांवर बसले होते.

"फ्रॉक वजा केला मी, सिदू."

"व्हय."

"वाळे वजा केले. करदोडा वजा केला."

मी बसलो.

"अन् जे वजा करायचं हुतं ते पोरीच्या नावावर धरलं. वाढली म्हनून खूश झालतो बे मी. मोंढ्यात सांगत फिरलो."

मी त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, हातात धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आम्ही दाराबाहेर भिंतीला टेकून बसलो होतो. काम करून दमणं मला माहीत आहे. त्याला काहीतरी दिसतं तरी, एवढी पोती लागली, एवढी राहिली. त्या भिंतीला बसून जे दमलो त्याला दिसत काहीच नव्हतं. दुपारी मॅडम बाहेर आल्या. तोंडावरचं फडकं काढून म्हणाल्या, "उठली. बोलते आहे."

अप्पांनी एकच विचारलं. "गाठ किती भरली?"

"अडीचला थोडी कमी."

अप्पांनी मान हलवली. मॅडमचं माप बरोबर निघालं होतं.

आरोहीला बाहेर आणलं तेव्हा ती रडत नव्हती. पोटाला एवढी मोठी पट्टी आणि ती रडत नव्हती. शिवकन्या तिच्या तोंडावर वाकली तर ती तक्रार करत होती.

"माजे पाय झोपलेत. मी उठले, ते उठत न्हाईत."

"झोपू दे त्येंना," अप्पा म्हणाले. "दमलेत."

"तुमी लाभ म्हना. मग उठतेत."

"लाभ," अप्पा म्हणाले.

संध्याकाळी पाय उठले. नळीतून थोडं थोडं औषध मिळत गेलं आणि पोरगी टाके असतानाही झोपली, खेळली, सिस्टरला चिडवू लागली. एवढं सुख आम्हाला मिळालं. ते मी कमी लेखत नाही.

घरी आल्यावर दानम्मावैनी नवसाच्या मागं लागल्या.

"टेबलावरून उठली. बोलले ते केलं द्येवानं. आता तोला तिला. गूळ आनते."

अप्पांनी ऐकलं नाही. काट्यावर त्यांनी रिकामं पोतं टाकून ठेवलं होतं.

"अशी हडकुळी तोलायची व्हय? भरू दे जरा. खरी भरू दे."

"द्येवाला थकीत ठिवू न्हाई."

"थकीत कोन ठिवतंय? चांगला गूळ द्यायचा हाय त्याला. जास्त द्यायचा हाय."

आधी तोलू नका म्हणणारी बाई आता तोला म्हणत होती आणि तोलणारा माणूस काट्याजवळ जात नव्हता. मी चहा प्यायचो आणि दोघांचं ऐकायचो. अप्पांचा हट्ट मला कळत होता. पहिल्यांदा चुकीचं वाढलेलं वजन त्यांनी मिरवलं होतं. आता त्यांना खरं वाढलेलं बघायचं होतं.

ते पोरीच्या खाण्यावर राबले. राबले हाच शब्द. पहाटे उठून ताजं दूध आणायचे, नाचणी स्वतः निवडायचे, भरडायचे, खीर ढवळत चुलीपाशी उभे राहायचे. मान पुढं आलेला म्हातारा, चुलीच्या धुरात. पोरगी दोन चमचे घ्यायची. अप्पा वाटी खाली ठेवायचे नाहीत. तिच्यामागं ओसरीभर फिरायचे.

"अज्जा, बास."

"एक घास. लाभाचा."

"लाभाचा झाला. आता दोनचा नको."

सलाईनच्या औषधांसाठी संभाजीनगरला जावं लागायचं. केदारनाथ न्यायचा. ती औषधं फार जालीम असतात. केस गेले. तोंड आलं. खाल्लेलं उलटून पडायला लागलं. दानम्मावैनींनी तिला लाल टोपरं शिवलं, ते ती माझ्या डोक्यावर घालायची आणि हसायची.

एकदा मी तिला उचललं. हुंकार दिला. ती म्हणाली, "सिदूआजा, तू खोटा खोटा दमतोस."

ते खरं होतं.

दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. आजार छातीत उतरला होता. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं, मग एक दिवस केदारनाथला म्हणाले, घरी घेऊन जा. केदारनाथनं ते घरात कुणाला सांगितलं नाही. टेम्पो दारात लावला, पोरीला आत दिलं आणि टेम्पो धूत बसला. धुतलेलाच टेम्पो पुन्हा धूत बसला. मला तेव्हाच कळलं.

आरोही संक्रांतीआधी गेली. सकाळी, शिवकन्येच्या मांडीवर. अप्पा तेव्हा दूध आणायला गेले होते. परत आले, ओसरीवर माणसं बघितली, दुधाची किटली काट्यावर ठेवली आणि आत गेले.

अप्पा लिंगायत, त्यांच्यात पुरतात. खड्डा लहान होता. घरातून निघताना आतून दानम्मावैनींचा आवाज येत होता आणि अप्पांनी पोरीला दोन्ही हातांवर घेतलं होतं. वाटेत त्यांचे पाय अडखळायला लागले. केदारनाथ पुढं चालला होता, त्याला मागं बघवत नव्हतं. अप्पांनी मला खुणावलं. मी तिला घेतलं.

जन्मभर उचललंय मी. हमालाला काटा लागत नाही. हातात घेतलं की वजन कळतं, पावशेराचा फरकसुद्धा कळतो. त्या वेळी मला ते कळायला नको होतं. पण कळलं.

तिसऱ्या दिवशी दानम्मावैनी ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. कुणाकडं न बघता म्हणाल्या, "नवस राहिला. कपिलधारला बोलले हुते. टेबलावरून उठली तवाच द्यायचा हुता. म्या सांगितलं हुतं."

एवढंच बोलल्या. तो बोल पुन्हा कधी लावला नाही. अप्पांनी उठून काट्यावरचं पोतं काढलं, पाटी पुसली, दांडी पुसली. मग माझ्याकडं वळले.

"सिदू. वाटंत तू घेतलीस तिला."

"व्हय, अप्पा."

"किती हुती?"

मी अप्पांच्या तोंडाकडं बघितलं. मान तशीच पुढं आलेली. नजर सरळ समोरून, दांडीवर ठेवायचे तशी.

"कळलं न्हाई, अप्पा," मी म्हणालो.

"तुला कळलं न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी पुढं विचारलं नाही. मी खोटं बोलतोय हे त्यांना समजलं असणार. कळलेला आकडा सांगितला असता तर त्यांनी तेवढाच गूळ तोलला असता. मला तो गूळ उचलायचा नव्हता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग बाईनं धरलं तेच धरू. साडेअकरा. बारदान वजा करून तेवढीच हुती ती."

"व्हय," मी म्हणालो. "तेवढीच हुती."

गूळ मी मोंढ्यातून आणला. एक ढेप आणि वर लागेल तेवढा फोडून. विजयसिंहांनी स्वतः चांगली ढेप निवडून दिली आणि मी डोक्यावर घ्यायला लागलो तर तुमचं वय झालं म्हणून माणूस देऊ लागले. मी नको म्हणालो. ढेप डोक्यावरूनच आणली. वाटेत उतरवली नाही.

अप्पांनी ढेपेवरचं कापड सोडवलं, ते वेगळं तोललं, वजा केलं. मग गूळ काट्यावर ठेवला. त्यांचा हात थांबला. सवयीनं तोंड उघडलं होतं, लाभ म्हणायला. ते म्हणाले नाहीत. दांडीवरचं वजन सरकवलं आणि बघत राहिले. गूळ थोडा जास्त होता. त्यांनी सुरी घेऊन कडेचा खडा काढला.

दानम्मावैनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की तेवढा. द्येवाचं हाय."

"न्हाई. जेवढी ती, तेवढंच."

तो खडा त्यांनी वैनींच्या हातावर ठेवला. वैनींनी तो खाल्ला नाही, पदराला बांधला.

कपिलधारला केदारनाथनं नेलं. सोमवार होता, माणसं बरीच होती. शिवकन्या आली नाही. अप्पांनी कापड पसरलं, गूळ फोडला. मी फोडतो म्हणालो, त्यांनी दिला नाही. बत्त्यानं स्वतः फोडला, सगळे खडे सारखे, आणि दगडी पायऱ्यांपाशी उभं राहून येणाऱ्याच्या हातावर एकेक ठेवत गेले.

नऊवारीतली एक बाई गूळ घेऊन थांबली. बोलकी होती.

"कशाचा नवस, दादा?"

"नातीचा," अप्पा म्हणाले. "भारोभार."

"बरं झालं माय. द्येव पावला. किती भरली?"

"साडेअकरा."

"केवढी हाय?"

"चार वर्साची."

बाईनं गूळ तोंडात टाकला. "मग कमीच की वो. खाऊ घाला तिला चांगलं. दूध-तूप घाला. कुठं हाय, आनली न्हाई का?"

केदारनाथ तोंड फिरवून टेम्पोकडं चालू लागला. दानम्मावैनींनी पदराची गाठ मुठीत धरली.

"घालतो," अप्पा म्हणाले. "आनखी एक खडा घ्या, बाई."

गूळ संपला. अप्पांनी कापड उचललं, पायऱ्यांच्या कडेला नेऊन झटकलं, चार घड्या घातल्या आणि काखेत धरलं. मी हात पुढं केला. त्यांनी ते मला दिलं नाही. रिकामं कापड होतं, ते त्यांनीच गेवराईपर्यंत धरून आणलं.